धामनोदच्या अलीकडे

आमचे सर गणिताचे होते, पण गणित सोडवू द्यायचे नाहीत. वर्गात कुणी पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला की फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारायचे, "कोणाला घाई झालीय?" टोपण परत बसलं की मगच पुढचं वाक्य. देवासला बँकेच्या परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली. बाकीचे सर झटपट गुणाकाराच्या युक्त्या शिकवायचे आणि त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. आमच्या सरांकडे एकच विषय. एक प्रश्न, त्याखाली दोन विधानं. तुम्ही एवढंच सांगायचं की या विधानांवरून उत्तर निघेल की नाही. पहिल्या एकट्याने निघेल, दुसऱ्या एकट्याने, दोन्ही मिळून, की दोन्ही मिळूनही नाही. उत्तर काय येतं, हे कुणी विचारायचंच नाही. जेवायला बोलावून नुसता स्वयंपाकाचा वास द्यावा तसं मला ते वाटायचं. पहिल्याच आठवड्यात मी क्लास सोडायला निघाले होते.

सोडला नाही तो दोरीमुळे. क्लास टेकरीच्या पायथ्याशी, एका चक्कीच्या वरच्या खोलीत होता. खाली दळण सुरू झालं की वर बाकं थरथरायची, आणि जिन्याच्या कठड्याला हात लावला तर हात पांढरा व्हायचा. त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरांनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती आणि तिला प्लॅस्टिकचे चिमटे. लाल चिमटा अ, हिरवा ब, पिवळा क. उंच मुलांना त्या दोरीखालून वाकून जावं लागायचं. हिंदी शाळांतून आलेली पोरं सरांना 'रस्सी सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

"अ, ब, क एका रेषेवर आहेत," ते म्हणाले. "अ पासून ब बारा किलोमीटर. ब पासून क पाच. अ पासून क किती?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, सतरा. मीही म्हणाले, आणि इतक्या सोप्या प्रश्नासाठी टेकरीपर्यंत पायपीट केली म्हणून मनात चिडलेही. सरांनी पिवळा चिमटा काढला, लाल आणि हिरव्याच्या मधे नेऊन लावला आणि विचारलं, "आता?"

"सात," कुणीतरी हळूच म्हणालं.

"क पुढेच आहे, असं आपल्याला कोणी सांगितलं?"

"सर, अ, ब, क..." मी म्हणाले.

"तो मुळाक्षरांचा क्रम झाला, बाई. रेषेवरचा कोणी दिला?"

मागून एकजण म्हणाला, "सर, हमारे यहाँ तो अ, ब, स होता है."

"फिर तो भिया, आपका वाला और दूर भाग गया," सर म्हणाले. सगळे हसले. सर हसले नाहीत, कारण ते विनोद करत नव्हते. त्यांना खरंच त्या पोराची काळजी वाटत होती.

मग त्यांनी दुसरं विधान लिहिलं. 'ब हा अ आणि क यांच्या मध्ये नाही.' मी तावातावाने म्हणाले की याने काय कळणार, हे तर काय नाही तेवढंच सांगतंय. सरांनी पिवळा चिमटा पुन्हा हातात घेतला आणि मलाच दोरीपाशी बोलावलं. "बाराही सांभाळा, पाचही सांभाळा, आणि ब ला मधे येऊ देऊ नका. लावा कुठे लावता ते." मी दोरीवर चिमटा फिरवत राहिले. लावायला एकच जागा उरली होती. "'नाही'सुद्धा माहिती असते, बाई," ते म्हणाले. त्या संध्याकाळी घरी जाताना मी ते वाक्य स्वतःशी घोळवत गेले आणि क्लास सोडायचं विसरून गेले.

मुलींना ते 'बाई' म्हणायचे आणि सगळ्यांना अहो-जाहो करायचे. विशीतल्या मुलीला 'आपण बसावं' म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आमचं घर कारखान्याच्या नोकरीमुळे देवासला आलेलं, आमच्या मराठीत निम्मं हिंदी. सर जुन्या देवासचे. संस्थानं होती तेव्हा देवासच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी, आणि एकाच गावात दोन राज्यांची हद्द रस्त्यावरून जायची. सरांचे आजोबा थोरल्या पातीत कारकून होते. "आमच्या घरात अलीकडे-पलीकडे हे शब्द जपून वापरायचे," ते सांगायचे. "पलीकडे म्हणजे दुसरं राज्य. तिकडचा पोलीस वेगळा." त्यांच्या थोरल्या बहिणीला आम्ही आत्या म्हणायचो; दोघं वर्गालगतच्याच खोल्यांत राहायची. समोरच्या घरात हळदीकुंकवाला जाताना त्या अजूनही 'पलीकडे जाऊन येते' म्हणायच्या, आणि घर तर हाकेच्या अंतरावर होतं.

सरांची सगळ्यात विचित्र सवय दाराची होती. या प्रकारच्या प्रश्नात दुसरं विधान वाचताना पहिलं विसरायचं असतं. तेच जमत नाही. पहिल्यातला आकडा डोक्यात घुटमळत राहतो आणि माणूस दुसऱ्याला नसलेली ताकद देऊन बसतो. सर त्यावर एकच उपाय करायचे. "बाहेर जा, पहिलं विधान जिन्यात ठेवून या." आणि खरोखर बाहेर पाठवायचे. पहिल्या दिवशी हे नाटक वाटतं. महिनाभराने लक्षात येतं की उंबरा ओलांडून परत येताना डोकं खरंच मोकळं झालेलं असतं. खालचा चक्कीवाला वैतागून विचारायचा, "ये लोग दिन भर सीढ़ी पे क्या रखने आते हैं?"

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "भात एकाच भांड्यातला आहे का, ते आधी सांगा," म्हणायचे. जेवताना आत्यांनी 'पुरे का?' विचारलं तर स्वतःच्या पोटाचा अंदाज घेण्याआधी पातेल्यात डोकावायचे. एकदा पीपलरावां गावाहून एक गृहस्थ आले होते. सरांचा एक विद्यार्थी त्यांनी मुलीसाठी पाहिला होता. मुलगा कसा आहे, एवढंच विचारायला बिचारे एस.टी.ची नव्हे, खासगी बसची धूळ खात आले होते.

"बँकेत लागला. वर्गात वेळेवर यायचा," सर म्हणाले.

"अन् स्वभाव?"

"अपुरी माहिती."

गृहस्थ तणतणत जिना उतरले. 'अच्छा है' म्हणायला काय जात होतं, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं, आणि मी तसं म्हणूनही टाकलं. माझी जीभ तेव्हाही काबूत नसायची. सर म्हणाले, "त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंत? माझ्या एका 'अच्छा है'वर ते मुलगी द्यायला निघाले होते." आणि मग बराच वेळ खिडकीपाशी उभे राहून ते गृहस्थ चौकात दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले.

परीक्षेत 'दोन्ही मिळूनही पुरत नाही' या पर्यायावर खूण करायला मुलं घाबरायची. आपल्यालाच येत नाही असं वाटायचं. सर म्हणायचे, या पर्यायाला छाती लागते. आम्हाला ते सरांचं नेहमीचं वाटायचं. छाती म्हणजे काय, ते मी एका दुपारी पाहिलं.

वर्गात फोन टोपलीत ठेवायची पद्धत होती. त्या दुपारी माझा फोन टोपलीत वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. सरांनी शिकवणं थांबवलं आणि फोन आणून माझ्या हातात दिला. आईचा होता.

बाबा धुळ्याला लग्नाला गेले होते आणि आपली जुनी पांढरी गाडी घेऊन एकटेच परत येत होते. साखरेचे पेशंट. सकाळी इन्सुलिनची सुई घ्यायची आणि निघायच्या घाईत खायचं राहून जायचं, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी वाटेतून घरी फोन केला होता. गरगरतंय, गाडी बाजूला घेतलीय आणि कुठे थांबलोय, एवढं सांगेपर्यंत फोन बंद पडला. बटणांचा साधा फोन, कुठे आहे ते दाखवणारा नव्हे. माझे मामा तेव्हा आमच्या घरीच होते. त्यांनी लगेच रुग्णवाहिकेला फोन करून जागा सांगितली होती आणि स्वतःही निघायच्या तयारीत होते. पण देवासहून तिथवर पोचायला दोन तास सहज लागणार होते.

मी काय बोलले मला आठवत नाही. सरांनी फोन माझ्याकडून घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"वहिनी, नमस्कार. ते काय म्हणाले, तेवढंच सांगावं. आपल्याला काय समजलं ते नको."

आई रडत होती. "'धामनोदच्या अलीकडे आहे, दहा-बारा किलोमीटर,' असं म्हणाले."

"'अलीकडे' हाच शब्द?"

"हो. हाच."

"आणखी?"

"'घाट अजून चढायचाय.' बस्स. मग फोन गेला."

मागून मामांचा आवाज आला. मामा कारखान्यात सुपरवायझर होते आणि घरातही सुपरवायझरच होते. "अहो सर, अलीकडे म्हणजे आपल्याकडे. गुजरीकडे. गाडीवाल्यांना मी तसंच सांगितलंय. यात विचारायचं काय आहे? सरळ तर आहे."

"रेषा सरळच आहे," सर म्हणाले, आणि दोरीपाशी गेले.

त्यांनी चार चिमटे लावले. महाराष्ट्रातून वर येताना आधी खलघाटचा नर्मदेवरचा पूल लागतो, मग धामनोद, मग गुजरी आणि मग घाट. घाट चढला की महू, इंदूर आणि आमचं देवास. पूल आणि गुजरी ही दोन्ही ठिकाणं धामनोदपासून साधारण सारख्याच अंतरावर आहेत, एक खाली, एक वर.

"देवासला बसलेल्या माणसाचं अलीकडे म्हणजे गुजरी," ते म्हणाले. "धुळ्याहून येणाऱ्या माणसाचं अलीकडे म्हणजे पूल. बोलणारा येणारा आहे. पण तो बोलतोय घरच्या माणसाशी. पहिल्या विधानाने बाजू ठरत नाही."

आणि मग ते दाराबाहेर गेले. खोलीत सगळे श्वास रोखून बसले होते, आणि हा माणूस जिन्यात जाऊन उभा राहिला, क्षणभर थांबला आणि परत आत आला.

"दुसरं विधान. घाट चढायचाय. पुलाजवळ थांबलेल्यालाही चढायचाय, गुजरीजवळ थांबलेल्यालाही चढायचाय." त्यांनी चिमट्यांकडे पाहिलं. "दोन्ही मिळूनही पुरत नाही."

मी ओरडले. "सर, माझे वडील आहेत ते. चिमटे नाहीत."

"म्हणूनच, बाई," सर म्हणाले. मी ओरडले याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ते त्यांच्या फोनवर नंबर शोधत होते.

संगीताताई आमच्या बऱ्याच आधीच्या बॅचमधली. देवासचीच मराठी मुलगी, धामनोदच्या घरात दिलेली आणि तिथल्याच एका बँकेत लागलेली. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. त्या दिवशी बँकेला सुट्टी होती एवढं आमचं नशीब. सरांनी तिला ख्यालीखुशाली विचारली नाही.

"संगीताबाई, प्रश्न आहे. धामनोद म्हणजे ब. ब पासून दहा-बारा किलोमीटर. बाजू दिलेली नाही. पांढरी जुनी गाडी, आत साखरेचा पेशंट, एकटा."

मग ती म्हणाली, "दोन्हीकडे जातो, सर. हे घरी आहेत. हे मोटारसायकलने गुजरीकडे जातील, मी स्कूटीने पुलाकडे."

"दहा-बारा हा आकडा आजारी माणसाचा आहे. दिसेपर्यंत जावं. बरोबर साखर असू द्या."

"हो, सर." फोन बंद.

एवढंच. का, कोण, कशाला, काही नाही. मामांना जे मी आणि आई दोघी मिळून समजावू शकलो नसतो, ते तिकडे एका वाक्यात पोचलं होतं. मला तेव्हा रडू फुटलं, आणि ते भीतीचं नव्हतं, किंवा नुसतं भीतीचं नव्हतं. हा माणूस इतकी वर्षं या थरथरणाऱ्या खोलीत काय करत होता, ते मला त्या क्षणी दिसलं.

मग वाट पाहणं. वर्गातलं कुणीही घरी गेलं नाही. एरवी दोरीला टिचक्या मारणारी पोरं हात मांडीवर ठेवून बसली होती. एका मुलीने माझ्यासाठी खालून पाणी आणलं. मामांनी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला होता. दोन्हीकडे माणसं पळवण्यापेक्षा दोघांनी मिळून गुजरीचाच रस्ता नीट धुंडाळायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. उंटावरून शेळ्या हाकणं आमच्या मामांना छान जमायचं, पण त्या दिवशी त्यांचाही जीव खालीवर होत होता, हे मला आज कळतं. सरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले.

पहिला फोन संगीताताईच्या नवऱ्याचा आला. "सर जी, गुजरी निकल गया, घाट के नीचे तक देख लिया. सफेद गाड़ी कोई नी है. एम्बुलेंस वाले भी यहीं ढूँढ रिये हैं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी गुजरीचा चिमटा काढून खिशात टाकला.

नंतर संगीताताईचा. वाऱ्याच्या आवाजात तिचं बोलणं अर्धंच ऐकू येत होतं. "मिळाले, सर. पूल ओलांडून पुढे. लिंबाच्या झाडाखाली गाडी आहे. घामाने भिजलेत, भान नाही, पण डोळे उघडे आहेत. साखर गालात ठेवलीय. समोर रसवंती आहे, रस घोट घोट पाजतेय."

माझा जीव भांड्यात पडला, आणि मी बाकावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडले. सर माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवायला हात पुढे केला आणि तो तसाच मागे घेतला. मग आत्यांना हाक मारून म्हणाले, "यांच्याजवळ बसावं जरा."

धामनोदच्या डॉक्टरांनी रात्री मामांना सांगितलं की अजून अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं. गुजरीकडची रुग्णवाहिका तिथे शोधाशोध करून, धामनोद ओलांडून पुलापलीकडे येईपर्यंत तो अर्धा तास नक्की गेला असता.

बाबा बरे झाले. आमच्या घरात मग ही गोष्ट पक्की झाली ती अशी, की धुळ्याहून येणारा माणूस 'अलीकडे' म्हणाला तर ते त्याच्या बाजूचं अलीकडे, आणि मामांना एवढं साधं मराठी कळलं नाही. सणावाराला मामा आले की कुणीतरी वाटी पुढे सरकवत म्हणायचंच, "मामा, अलीकडची घ्या. म्हणजे तुमच्याकडची." मामा बिचारे ओशाळे होऊन हसायचे. मी सरांना भेटले की मनात हात जोडायचे. मला वाटायचं, सरांना ते अलीकडे बरोबर कळलं होतं, फक्त मामांना दुखवायला नको म्हणून त्यांनी दोन्हीकडे माणसं पाठवली.

मीही बँकेत लागले. आधी सतवासला, मग धारला. सरांचे गुडघे गेले, चक्कीवरचा क्लास बंद झाला, आणि योगायोगाने तेही धारलाच आले, तलावाजवळ आत्यांच्या मुलाकडे. दोघंही भाऊ-बहीण आता त्याच्याकडेच असतात. रविवारी मी जाऊन बसते. अजूनही 'बाई' आणि अजूनही 'आपण'.

गेल्या हिवाळ्यात मी बाबांना घेऊन धुळ्याला गेले. परत येताना गाडी मी चालवत होते आणि बाबा शेजारी पेंगत होते. ठीकरी आलं. ठीकरी नर्मदेच्या बरंच खाली आहे, पूल यायला अजून वेळ असतो. हमरस्त्यावरचं गाव, टायरची दुकानं, ढाबे, ट्रकांची रांग. बाबा डोळे उघडून म्हणाले, "धामनोद आलं."

"नाही बाबा. ठीकरी."

ते काचेतून बघत राहिले. गाव मागे पडलं तरी मान वळवून बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशीही मी हेच धामनोद समजलो होतो."

"कुठल्या दिवशी?"

"तो नाही का, संगीताने रस पाजला तो. डोकं चालत नव्हतं. हे गाव गेलं, मला वाटलं धामनोद गेलं. मग दहा-बारा किलोमीटर आलो आणि पुढे दिसेना, म्हणून थांबलो."

मी गाडी बाजूला घेतली. "मग तुम्ही फोनवर अलीकडे म्हणालात ते..."

"म्हणजे आपल्या बाजूला. घराच्या बाजूला. अलीकडे म्हणजे दुसरं काय?"

इतकी वर्षं आम्ही मामांना चिडवत होतो आणि मामांचं बरोबर होतं. बाबांनी तो शब्द मामांच्याच अर्थाने वापरला होता. तो शब्द अगदी अचूक ओळखणारा माणूस त्या दिवशी माझ्या वडिलांना गुजरीपर्यंत शोधत राहिला असता, आणि बाबा पूल यायच्या आधीच, नदीच्या त्या बाजूला, लिंबाखाली बसून राहिले असते.

पुढच्या रविवारी मी बाबांना देवासहून घेऊन आले आणि सरांकडे गेले. बाबांनी स्वतःच सगळं सांगितलं. सर खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय, असं मला वाटलं.

"म्हणजे मामांना शब्द बरोबर कळला होता," मी म्हणाले.

"मलाही," सर म्हणाले.

"तुम्हालाही?" मी विचारलं.

"घरी फोन करणारा माणूस घराकडून मोजतो. मला तेव्हाच वाटलं होतं, हे गुजरीकडे असणार. तुमच्या मामांशी मी मनातून सहमत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटत होतं ते, बाई. माहीत कुठे होतं?"

बाबा हसले. त्यांना ते फार आवडलं, मांडीवर थाप मारून हसले. मलाही हसू आलं. पण सर हसत नव्हते. त्यांनी डोळे उघडले होते आणि ते बाबांकडे बघत होते.

"एक गोष्ट सांगायची राहिलीय," ते म्हणाले. "त्या दिवशी संध्याकाळपासून राहिलीय. संगीताबाईंचे यजमान घरी आहेत की नाहीत, हे फोन लावताना मला माहीत नव्हतं. त्या एकट्या असत्या तर एकच बाजू निवडावी लागली असती. मी त्यांना गुजरीकडे जा म्हटलं असतं."

बाबांना समजायला थोडा वेळ लागला.

"मग आज मी इथे बसलो नसतो," ते म्हणाले.

"नसता," सर म्हणाले.

बाबांनी खुर्ची जवळ ओढली, सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.